निर्मलाताईंनी न बदललेला शेवट

निर्मलाताई खोत यांना पहिल्या भेटीत मी दीड तास ताटकळत ठेवलं होतं. मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. मुलींची चाचणी चालू होती आणि जव्हारहून कोणी प्राध्यापक बाई आल्या आहेत असं शिपायाने सांगितलं. चाचणी संपल्याशिवाय मी कोणालाच भेटत नसे, मग ते तपासणीला आलेले साहेब का असेनात. ताई व्हरांड्यात बसून राहिल्या. बाहेर येऊन मी काम विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्या मुली धुक्याला काय काय म्हणतात तेवढं ऐकायचं आहे.

या बाईंना दुसरा उद्योग दिसत नाही, असं मला वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्या एका इटालियन कादंबरीचं इंग्रजी करत होत्या. तिच्या एकाच पानावर लेखकाने चार प्रकारचं धुकं आणलं होतं, आणि इंग्रजीत लिहायला बसण्यापूर्वी ते चार प्रकार खरोखर वेगळे असतात का, हे त्यांना धुक्यात राहणाऱ्यांकडून जाणून घ्यायचं होतं. मुलींनी त्यांना चार नव्हे, सहा प्रकार सांगितले. जमिनीला धरून चालणारं, झाडावर बसून राहणारं, माणसाच्या मागे मागे येणारं. संध्याकाळची शेवटची जीप चुकली आणि ताई माझ्याकडेच मुक्कामाला राहिल्या. तेव्हापासूनचा हा परिचय आहे.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या साहित्यसेवेविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी गणिताची शिक्षिका. इटालियन मला येत नाही, इंग्रजी कामापुरतं येतं. त्यामुळे मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहिणार आहे. समितीने घातलेली शब्दमर्यादा त्यासाठी मोडली आहे, हे आधीच सांगते.

ताईंचे यजमान जहाज कंपनीत होते. लग्नानंतर दोघं जेनोवा बंदरात राहायला गेली आणि नऊ वर्षं राहिली. शेजारच्या एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंकडे बसून ताई इटालियन शिकल्या. पुस्तकातून नव्हे, त्या बाईंच्या गप्पांमधून. यजमान तिथेच वारले. ताई एकट्या परत आल्या आणि जव्हारच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागल्या. मुंबई-पुण्याला जायच्या संधी पुढे आल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. आजवर अकरा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह त्यांनी इटालियनमधून इंग्रजीत नेले. त्यांची पुस्तकं लंडनमध्ये छापली जातात आणि दूरदूरच्या देशांतले लोक ती वाचतात. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ही भाषांतरं जव्हारमधल्या एका कौलारू घरात, गोधड्या लावून अंधार केलेल्या खोलीत तयार होतात.

मराठीत का करत नाही, हा प्रश्न त्यांना प्रत्येक सत्कारात विचारला जातो. त्या म्हणतात, "मराठीत मी त्या सांगतेच की." लोकांना हा विनोद वाटतो. तो विनोद नाही. ताई इटालियन पान वाचतात आणि पुस्तक मिटतात. मग ते पान मराठीत कोणाला तरी तोंडी सांगतात आणि त्यानंतरच इंग्रजी लिहायला घेतात. जे तोंडाने सांगता आलं नाही ते आपल्याला समजलेलंच नाही, असा त्यांचा दंडक आहे.

हे ऐकण्याचं काम वीस वर्षांहून अधिक काळ देवलीबाई करतात. देवलीबाई मूळच्या पोशेऱ्याच्या. ताईंकडे स्वयंपाकपाण्याला आल्या आणि घरच्याच झाल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण गोष्ट कशी ऐकायची हे त्यांना येतं. आमच्या डोंगरात गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने "हूं" म्हणायचं. हुंकार आला नाही की गोष्ट तिथेच थांबते. देवलीबाईंचा हुंकार अडखळला की ताई समजतात, इथे आपण काहीतरी चुकलो.

एक प्रसंग माझ्यासमोरचा आहे. कादंबरीतली एक विधवा दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडे पाहते, असं ताई सांगत होत्या. हुंकार थांबला. देवलीबाई म्हणाल्या, "ती बसली ती बसू दे. पाणी कोण भरतंय?" उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी डोंगर उतरणाऱ्या बाईला हा प्रश्न पडणारच. ताई हसल्या, पण उठून त्यांनी पुस्तक पाहिलं. एक मोलकरीण जिना चढून येते, घागर ठेवते आणि जाते, असं अर्धं वाक्य तिथे होतं. ताईंच्या सांगण्यातून ते गळलं होतं. ताईंनी देवलीबाईंचे आभार मानले. चूक दाखवणाऱ्याचे मनापासून आभार मानणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत, आणि त्यांत मी स्वतःही येत नाही.

त्यांच्या स्वभावातल्या मायेबद्दल एकच सांगते. निवृत्तीनंतर मला हिवताप झाला, तेव्हा ताई मोखाड्याला येऊन बारा दिवस माझ्या उशाशी राहिल्या. मी चांगली रुग्ण नाही. पेज पातळ झाली म्हणून मी त्यांना बोलले, औषधाची वेळ पाच मिनिटं चुकली म्हणूनही बोलले. चौथ्या दिवशी लंडनहून छपाईपूर्वी तपासायचे कागद त्यांच्याकडे आले. मी बरी होईपर्यंत त्यांनी ते पाकीट फोडलं नाही.

आता मला जे मुख्यतः सांगायचं आहे त्याकडे येते. मी विज्ञानाची पदवीधर आहे. शाळेत मी अंगारे-धुपारे चालू दिले नाहीत, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींना उभं करून शिक्षा केली. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं. मी फक्त घडलं ते लिहिते.

देवलीबाईंचा एक नियम आहे. दिवसा गोष्ट ऐकायची नाही. दिवसा गोष्ट ऐकली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. हा समज बहुतेक वाचकांनी लहानपणी ऐकला असेल आणि हसून सोडून दिला असेल. देवलीबाई तो सोडून द्यायला तयार नव्हत्या. त्या लहान असताना त्यांची आई गेली, आणि सूर्यमाळच्या लखमा मामांनी, म्हणजे आईच्या एकुलत्या एक भावाने, त्यांना वाढवलं. देवलीबाईंना माहेर म्हणून जे काही आहे ते लखमा मामाच.

ताईंची अडचण उलटी होती. दिवस मावळल्यावर त्यांना छापील अक्षर दिसत नसे. वाचल्या वाचल्या पान सांगायचं आणि लगेच लिहायला बसायचं, म्हणून काम व्हायचं तर दिवसाच. यावर तोड देवलीबाईंनीच काढली. ताईंनी सकाळी ओटीवर उजेडात वाचायचं. अकराच्या सुमारास देवलीबाई विचारायच्या, "रात करू का?" मग मधल्या खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, फटींवर गोधड्या अडकवायच्या आणि कोपऱ्यात रॉकेलची चिमणी लावायची. त्या अंधारात ताई सांगायच्या. पान संपलं की चिमणी विझवायची, थोडं थांबायचं आणि मगच दार उघडायचं.

मी एकदा विचारलं होतं, "हे काय चालवलंय? सूर्याला फसवताय का?"

"सूर्याला नाय बाई," देवलीबाई म्हणाल्या. "गोष्टीला."

आठ वर्षांपूर्वीच्या आषाढात मी दाढ काढायला जव्हारला आले आणि ताईंकडे उतरले. गुरुवार होता. चार दिवस ऊन पडलं नव्हतं. धुकं इतकं की ओटीवरून समोरचं फाटक दिसत नव्हतं, फक्त त्याची कडी वाजलेली ऐकू यायची. ताईंची त्या वेळची कादंबरी शेवटाला आली होती. बर्फाळ डोंगरातल्या एका गावात घंटा दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर असतो. शेजारच्या गावाहून परत येताना तो खिंडीत धुक्यात वाट चुकतो. शेवटून दुसरं प्रकरण एवढंच होतं. दाढेच्या ठणक्याने मला वाचता येत नव्हतं, म्हणून मीही त्या खोलीत जाऊन बसले. पहिल्यांदाच.

ताईंचा आवाज मला चांगला ओळखीचा आहे. त्या खोलीत तो ओळखीचा वाटेना. चिमणीच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसत, पण आवाज माझ्या मागच्या भिंतीतून येतो आहे असं वाटे. म्हातारा चालतो आहे, त्याला स्वतःचे हात दिसत नाहीत, असं ताई सांगत होत्या. देवलीबाई "हूं" म्हणाल्या. आणि त्यानंतर, एक श्वास उशिरा, दुसरा हुंकार आला.

तो पुरुषाचा होता. बारीक, चढ चढून दमलेल्या माणसासारखा. मला वाटलं, शेजारचं कोणी ओटीवर येऊन बसलं असेल. ताईंनी पुढचं वाक्य सांगितलं. देवलीबाईंचा हुंकार, मग तो. पुन्हा तसंच. मी देवलीबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला होता, आणि तरीही हुंकार देणं थांबवलं नव्हतं. ताई थांबल्या नाहीत. त्या फक्त हळू सांगायला लागल्या, सोबतच्या माणसाची दमछाक होऊ नये म्हणून आपण पावलं आखडती घेतो तशा.

असल्या गोष्टींवर माझा उपाय एकच असतो, उठून पाहणं. मी उठले आणि गोष्ट चालू असताना दार सताड उघडलं. बाहेर धुकं होतं आणि ओटीवर कोणी नव्हतं. फरशी ओली होती, तिच्यावर पाऊल उठलेलं नव्हतं. खोलीत पांढरा उजेड शिरला.

"रात मोडली," देवलीबाई म्हणाल्या. ताईंनी चिमणी विझवली.

संध्याकाळी दाभोशाहून फोन आला. लखमा मामा भाताच्या लावणीसाठी आठवडाभर तिथे लेकीकडे होते. सकाळी ते देवलीबाईंना भेटायला जव्हारला म्हणून निघाले. जीप चुकली तेव्हा, पुढच्या पाड्यावर दुसरी मिळेल म्हणून चालत गेले. मोबाइल लेकीच्या घरी चार्जिंगला राहिला होता. दुसऱ्या जीपवाल्याने त्यांना पाहिलं नव्हतं. मामा पोचले का, असं जावई विचारत होते.

सत्तरी ओलांडलेला माणूस, पाऊस, आणि ते धुकं. रात्री जावई आणि गावातली माणसं कंदील घेऊन हाका मारत फिरली. आपलाच आवाज समोरून परत येतो आणि माणूस त्याच्याकडे चालायला लागतो, असं म्हणून ती मध्यरात्रीनंतर परतली. वाटेवर दरड आल्याने जव्हारहून तिकडे जीप जात नव्हती. देवलीबाई पायी निघाल्या होत्या. मी त्यांना हाताला धरून बसवलं. रात्रभर त्या ओटीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला दोष दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांनी तो दिला नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला त्या उठून आत आल्या आणि ताईंना म्हणाल्या, "ताई, रात करते. गोष्ट पुरी करा. अर्ध्यात सोडली तर मामा अर्ध्यातच राह्यचा."

मी विरोध करणार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसले. ताई मात्र लगेच खोलीत गेल्या नाहीत. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की कादंबरीत तो म्हातारा परत येत नाही. शेवटच्या पानात गावातली एक मुलगी आपल्या दारात बसते आणि खिंडीपासून घरापर्यंतच्या वाटेवरच्या खुणा एकेक करून मोठ्याने म्हणते. पडकं देऊळ, एका बुंध्याची तीन झाडं, दगडी पूल, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, आणि घराचा उंबरा. खुणा संपतात आणि पुस्तक संपतं. उंबऱ्यावर कोणी येत नाही.

हे देवलीबाईंना कसं सांगायचं?

मला त्यात अवघड काही दिसलं नाही. मी म्हणाले, शेवट बदला. म्हातारा ओढ्याच्या काठाने खाली उतरला आणि गावात पोचला, असं सांगा. ते पटण्यासारखंही होतं. पाणी खालीच जातं आणि गावंही खालीच असतात. वाट चुकलात तर पाण्याच्या कडेने चाला, हे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आले होते. इंग्रजीत छापायचं ते छापा, पण त्या बाईला आज हे सांगा, असा मी हट्ट धरला. माझा आवाज चढला होता. "काय जातंय तुमचं?" असं मी त्यांना विचारलं.

ताईंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "बाई, ती वाट मला ठाऊक नाही. जी ठाऊक नाही ती मी कशी सांगू?"

मी म्हणाले, "आणि हे ऐकून त्या बाईंनी धसका घेतला तर?"

"तर तो माझ्या माथी," ताई म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

मीही गेले, आणि या वेळी दाराला पाठ लावून बसले, म्हणजे मला स्वतःलाही ते उघडता येणार नाही. ताईंनी जिथे दार उघडलं गेलं होतं तिथूनच गोष्ट उचलली. पहिल्या दोन-तीन वाक्यांना फक्त देवलीबाईंचा हुंकार आला. चौथ्याला तो दुसरा आला. कालच्यापेक्षा पुष्कळ बारीक. त्याच्यामागे पाण्याचा आवाज होता. बाहेर पाऊस नव्हता.

ताई शेवटच्या पानावर आल्या. देवलीबाईंना शेवट कळायला लागला होता, तो म्हातारा येत नाही हे त्यांना समजलं होतं, आणि तरी त्या हुंकार देत होत्या. पडकं देऊळ, ताई म्हणाल्या. हूं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग दुसरा हूं. ताई प्रत्येक खुणेनंतर थांबत होत्या, वाक्याला लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ. पुढच्या खुणेपर्यंत चालत जायला जेवढा लागेल तेवढा. तीन झाडं. दगडी पूल. डोण. चिमणीतलं रॉकेल संपत आलं होतं. त्या एका पानाला दुपारचे अडीच वाजले.

उंबरा, असं ताई म्हणाल्या. देवलीबाईंनी हुंकार दिला. दुसरा आला नाही. त्याऐवजी खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, कोणीतरी खाली बसल्यासारखा आवाज आला. म्हातारी माणसं गुडघ्यावर हात टेकून बसतात तसा.

लखमा मामा चार वाजता सापडले. जिवंत होते. पायाला जखमा होत्या, तापाने अंग भाजत होतं, पण जिवंत होते.

शनिवारी दरड काढल्यावर आम्ही तिघी जीपने दाभोशाला गेलो. मामा गोधडीत बसून चहा पीत होते. देवलीबाईंना पाहून म्हणाले, "आलीस? मीच येत होतो तुझ्याकडं, तर तूच आलीस. चल, माझं चालणं वाचलं." देवलीबाई त्यांच्या पायांशी बसून रडल्या. मामांनी जावयाच्या चहात साखर कमी असते अशी तक्रार केली. मग जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत लिहिते.

"एक बाय सांगत व्हती. दिसत नव्हती. काय सांगत व्हती ते अर्धं कळं, अर्धं नाय. मी हूं म्हनलो की पुढं बोलायची. म्हनून हूं म्हनत राह्यलो. मी थांबलो तर तीबी थांबंल, असं वाटलं. दुपारला एकदम बंद झाली. मग कायच नाय. झाडाला धरून रात काढली."

दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्याचा आवाज आला. पाण्याच्या कडेने जावं असं त्यांनाही वाटलं, आणि ते निघाले. तेवढ्यात ती बाई पुन्हा बोलायला लागली. पडकं देऊळ म्हणाली, तर समोर आडवा झालेला देवाचा दगड. मग एका बुंध्यातून फुटलेली ऐनाची तीन झाडं. मग ओढ्यावरचा साकव. मग डोण. शेवटी ती उंबरा म्हणाली.

"घर नव्हतं," मामा म्हणाले. "नुसता उंबरा व्हता. बसलो त्यावर."

जावयांना ते तिथेच सापडले होते. कामाला ठाण्याकडे गेलेल्या कुठल्या तरी कुटुंबाचं ते घर. कुडाच्या भिंती पडल्या, छप्पर गेलं, लाकडी उंबरठा तेवढा राहिला होता. मी म्हणाले की देवाचे दगड, ऐनाची झाडं आणि साकव या रानात पावलोपावली आहेत. मामांनी आणखी चहा मागितला.

परतताना जावयांनी आम्हांला एक जागा दाखवली. पाण्याच्या कडेने मामा जिथपर्यंत आले होते ती. धुकं थोडं विरळ झालं होतं. दाभोशाचा धबधबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या कड्याची खोली सांगायला नको. मामांची काठी तिथे चिखलात रोवलेली होती. तिच्यापुढे दोन हात जमीन होती आणि मग काही नव्हतं. काठी का सोडली असं मी मामांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "ती पुढं जाऊ बघत व्हती."

मी सुचवलेला शेवट पाण्याच्या कडेने खाली जाणारा होता.

ताईंनी काठीकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे न पाहता देवलीबाईंना म्हणाल्या की जीप थांबली आहे, चला. त्यानंतर आठ वर्षं झाली. त्या स्वयंपाकघरात मी काय सुचवलं होतं, हे ताईंनी कोणाला सांगितलेलं नाही. देवलीबाईंना नाही, मामांना नाही. मलाही त्यांनी कधी आठवण करून दिली नाही. त्यांनी माझ्यावर केलेल्या उपकारांत हा सर्वांत मोठा आहे, आणि तो मी इथे प्रथमच लिहीत आहे.

ती कादंबरी पुढे लंडनला गेली. तिथल्या संपादकांना ती आवडली, फक्त शेवटची खुणांची यादी लांबते, ती दोन ओळींत आटपावी, असं त्यांनी कळवलं. ताईंनी नम्रपणे नकार दिला. पुस्तक दीड वर्ष अडून राहिलं. मी त्यांना समजावायला गेले नाही, मी शहाणी झाले होते. शेवटी ते जसंच्या तसं छापलं गेलं. मग कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंचं ताईंना पत्र आलं. शेवटचं पान वाचताना आपल्याला दार उघडून पाहावंसं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. ताईंनी मला त्याचा अर्थ सांगितला आणि पत्र घडी करून ठेवलं.

लखमा मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. सूर्यमाळला असतात, ऐकायला फार कमी येतं. त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं की कधीकधी सकाळी अकराच्या सुमारास मामा दाराशी बसून आपल्याशीच हूं हूं करतात. तासभर करतात, मग उठून जेवायला मागतात. ताईंनी त्या दिवशी काम केलं होतं का, हे मी दोनदा फोन करून ताडून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

ताई सध्या नवीन कादंबरीवर आहेत. तिचा शेवट त्यांनी अजून वाचलेला नाही. हातातलं पान सांगून होण्याआधी पुढचं पान उघडायचं नाही, हा आता त्यांचा नियम आहे. तो का केला हे मी विचारलं नाही, मला ते माहीत आहे. शेवट आधी ठाऊक असला की तो बदला म्हणणारं कोणीतरी स्वयंपाकघरात भेटतं.

ताई, तुम्हांला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सकाळचं फिरणं चुकवू नका. डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला, देवलीबाईंनी आठवण करण्याची वाट पाहू नका. प्रकृती सांभाळून शंभर वर्षं जगा आणि शेवटच्या वर्षापर्यंत काम करा. माझ्या सूचना यापुढेही येत राहतील. त्यांतल्या ज्या मोडायच्या त्या तुम्ही अशाच मोडत जा.